सुमाक: पाल्याचा धंदा, फळाचा वास

सिसिली बेटाच्या पश्चिमेकडे, पालेर्मो आणि त्रापानीच्या आसपासच्या डोंगरउतारांवर, दगडी ताली घालून केलेली जुनी शेतं अजून ओळखू येतात. ताली जागोजाग ढासळल्या आहेत आणि नांगर फिरून पिढ्या उलटल्या आहेत. त्या दगडांच्या फटींतून पुरुषभर उंचीची झुडपं उगवलेली असतात. एका देठावर नऊ ते पंधरा पर्णिका, त्यांच्या कडा दातेरी, कोवळ्या फांद्यांवर दाट लव. उन्हाळा सरत आला की शेंड्याशी गर्द लाल फळांचे घोस उभे राहतात. हा सुमाक. शास्त्रीय नाव ऱ्हस कोरिआरिया. आज तो आपला आपण वाढतो, म्हणून त्याला रानटी म्हणायचं. पण यातली कितीतरी झुडपं माणसांनी हाताने लावलेल्या झाडांचीच पुढची पिढी आहेत.

ती लावली होती पानांसाठी. हे आधी सांगायला हवं, कारण सुमाकच्या फळाच्या वासाकडे शास्त्रज्ञांचं लक्ष इतक्या उशिरा का गेलं, त्याचं निम्मं उत्तर यात आहे.

सुमाकच्या वाळलेल्या पानांत वजनाच्या साधारण पाव हिश्शाइतकं टॅनिन असतं. कच्च्या कातड्यातल्या प्रथिनाला टॅनिन घट्ट धरून बसतं, मग कातडं कुजत नाही आणि वाळून लाकडासारखं होत नाही. कातडी कमावायला जगभर वेगवेगळ्या साली आणि फळं वापरली जात. आपल्याकडे बाभळीची साल होती, तरवडाची साल होती, हिरडा होता. सुमाकचं वेगळेपण असं, की त्याने कमावलेलं कातडं जवळजवळ पांढरं, मऊ राहतं आणि त्यावर हवा तो रंग उजळ चढतो. बकऱ्याच्या कातड्याचं मोरोक्को लेदर, हातमोजे, पुस्तकांच्या बांधण्या, सगळीकडे सुमाक लागे. एकोणिसाव्या शतकात पालेर्मो हे या पाल्याचं जगातलं मोठं बंदर होतं. मार्साला वाइनच्या व्यापाराने गबर झालेला इंग्रज व्यापारी बेंजामिन इंगॅम आणि त्याच्यानंतर सिसिलीच्या अर्थकारणावर पकड मिळवणारं फ्लोरिओ घराणं, दोघांच्याही मालाच्या यादीत गंधक, लिंबूवर्गीय फळं यांच्या शेजारी सुमाक आहे.

काम कष्टाचं होतं. भर उन्हाळ्यात फांद्या छाटायच्या, उन्हात वाळवायच्या, खळ्यावर झोडून पाला सुटा करायचा आणि उभ्या फिरत्या दगडाखाली त्याची पूड करायची. या पुडीला इतकी मागणी होती, की अमेरिकेच्या कृषी खात्याने विल्यम मॅक्मर्ट्री या रसायनशास्त्रज्ञाकडून सिसिलीतल्या सुमाकच्या लागवडीचा अहवाल करून घेतला आणि १८८० साली छापला. व्हर्जिनियात सुमाकच्या स्थानिक जाती रानोमाळ उगवत, तरी अमेरिकी चर्मकार सिसिलीचाच माल मागत. असं का, हे अमेरिकेला समजून घ्यायचं होतं. जिथे एवढी मागणी तिथे भेसळही आलीच. सुमाकच्या पुडीत लेंटिस्क नावाच्या झुडपाचा पाला मिसळला जाई. लेंटिस्क हा सुमाकच्याच कुळातला, पिस्त्याचा सख्खा भाऊबंद. पूड झाल्यावर डोळ्यांनी फरक कळत नसे. तो ओळखायला सूक्ष्मदर्शकाखाली पानाच्या पेशी पाहाव्या लागत.

लंडनच्या सोसायटी ऑफ आर्ट्सने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एक समिती नेमली होती. ग्रंथालयांतल्या पुस्तकांच्या चामडी बांधण्या काही दशकांत भुकटी होऊन का गळतात, हे तिने तपासायचं होतं. जी कातडी टिकतात त्यांत सुमाकने कमावलेली कातडी अग्रक्रमाने येतात, असा निष्कर्ष निघाला. तोवर वारं मात्र फिरलं होतं. ऑगस्टस शुल्ट्झने १८८४ साली न्यूयॉर्कमध्ये क्रोमियमच्या क्षारांनी कातडी कमावण्याचं पेटंट घेतलं. पुढे ती पद्धत सुधारली, स्वस्त झाली, आणि महिनोन्‌महिन्यांचं काम दिवसांवर आलं. सिसिलीतल्या सुमाकचा धंदा बसत गेला. त्याच लाटेत आपल्या सह्याद्रीतल्या हिरड्याची युरोपातली पतही उतरली. त्या काळच्या चर्मोद्योगाच्या इंग्रजी पुस्तकांत हिरड्याच्या प्रती बंदरांच्या, गावांच्या नावांनी दिलेल्या सापडतात आणि त्यांत वेंगुर्ल्याचं नाव आहे. इंग्लंडच्या टॅनरीत सिसिलीचा सुमाक आणि वेंगुर्ल्याचा हिरडा एकाच काळात विकत घेतले जात होते.

या सगळ्या काळात सिसिलीत सुमाकच्या फळाला फारशी किंमत नव्हती. पाला हवा असेल तर फळ पिकायची वाट कोण पाहणार? धंदा संपला, शेतं ओस पडली, छाटणी थांबली, आणि मग झुडपं निवांत फुलून फळू लागली. पिसा विद्यापीठातल्या आणि त्यांच्यासोबतच्या संशोधकांनी सिसिलीतल्या चार ठिकाणांहून अशी फळं गोळा करून त्यांच्या गंधाचा आणि बाष्पनशील तेलाचा अभ्यास केला. तो २०१७ साली प्रसिद्ध झाला. कातड्यासाठी शतकानुशतकं ओरबाडलेल्या झाडाचं फळ हुंगायला माणसांना सवड मिळाली ती अशी.

भूमध्य समुद्राच्या पूर्वेला गोष्ट अगदी वेगळी आहे. तिथे फळालाच मान. बगदादमध्ये १२२६ साली लिहिल्या गेलेल्या अल-बगदादीच्या पाकशास्त्राच्या पुस्तकात सुम्माकिय्या नावाचं, सुमाकच्या आंबट पाण्यात मटण शिजवण्याचं कालवण आहे. त्याच नावाचं कालवण आजही गाझात ईदला रांधलं जातं. त्यात मटण, पालेभाजी, छोले आणि तिळाचं ताहिनी पडतं. पॅलेस्टाइनच्या मुसख्खनमध्ये ऑलिव्ह तेलात मऊ केलेला कांदा सुमाकने तांबडाजर्द होतो आणि भट्टीतल्या जाड रोटीवर कोंबडीखाली पसरतो. लेबनॉन-सीरियाची फत्तूश कोशिंबीर सुमाकशिवाय अधुरी. इराणात चेलो-कबाबच्या ताटाशेजारी सुमाकची वाटी असतेच. तुर्कस्तानात गाझीआन्तेप, किलिस, कहरामानमराश या पट्ट्यात सुमाक भिजवून, गाळून, आटवून त्याचा दाट आंबट अर्क करतात आणि तो डोलम्यांत घालतात. दुबई-मस्कतला राहिलेल्या मराठी घरांतही सुमाक आता नवा राहिलेला नाही. तिथल्या भाजीवाल्याकडच्या फत्तूशच्या पाकिटातून तो थेट स्वयंपाकघरात शिरतो.

माझ्या एका नातेवाइकाने दुबईच्या देरा भागातल्या मसाल्यांच्या बाजारातून मला दोन पुड्या आणून दिल्या. एकीत घोसासकट वाळवलेली अख्खी फळं होती, दुसरीत तयार पूड. अख्खं फळ चार ते सहा मिलिमीटरचं, किंचित चपटं. भिंगाखाली ठेवलं तर आधी दिसते ती त्याची लव: बारीक, लालसर, दाट केस, आणि मधून मधून टाचणीच्या माथ्यासारखे गोल ठिपके असलेल्या ग्रंथी. नख लावलं की लव आणि तिच्याखालची पातळ साल एकत्रच सुटते. आत कठीण, गुळगुळीत, तपकिरी बी. आंबटपणा सगळा त्या लवेत आणि सालीत आहे, बी चावली तर नुसती लाकडी लागते. बोटांच्या चिमटीत फळं चोळून नाकाशी नेली तेव्हा पहिला वास आला तो कोरड्या, किंचित तेलकट सालीचा, संत्र्याच्या वाळक्या सालीजवळ जाणारा. त्यामागे काहीतरी राळेसारखं, लाकडी. आणि अगदी शेवटी, हात खाली घेतल्यावर, हिरव्या पानाचा एक धागा. तयार पुडीला यातलं फार थोडं होतं. ती रंगाने मात्र अख्ख्या फळांपेक्षा लाल होती.

ज्यांनी सुमाक चाखलेला नाही त्यांना मी एवढंच सांगेन, की जेवणात त्याची जागा आमसुलाची आहे: आंबट, किंचित तुरट, रंग देणारा आणि वर्षभर डब्यात राहणारा. रसायन मात्र वेगळं. आमसुलात हायड्रॉक्सिसिट्रिक आम्ल मुख्य, तर सुमाकमध्ये मॅलिक आम्ल, जे हिरव्या सफरचंदात असतं. लाल रंग अँथोसायनिनांचा, तुरटपणा टॅनिनांचा. गार पाण्यात फळं भिजवली तर पाणी हळूहळू गुलाबी आणि आंबट होतं. तेच उकळत्या पाण्यात टाकली तर तुरटपणा सुटतो आणि जिभेवर खरखर राहते. म्हणूनच उत्तर अमेरिकेतही सुमाकच्या तिथल्या लाल जातींचं सरबत गार पाण्यातच करतात.

आंबट, तुरट, लाल या तीन गोष्टी कुणालाही कळतात. वासाचं काय?

वनस्पतीचं बाष्पनशील तेल काढायची प्रयोगशाळेतली रूढ पद्धत सोपी आहे. काचेच्या चंबूत माल आणि पाणी घालून उकळायचं. वाफेबरोबर वासाचे रेणू उडतात, थंड नळीत पुन्हा द्रवरूप होतात आणि पाण्यावर तरंगणारं तेल बाजूच्या मापनळीत गोळा होतं. जोसेफ क्लेव्हेंजरने १९२८ साली या कामासाठी जे काचेचं उपकरण मांडलं, तेच आजही जगभर, आपल्या फार्मसी कॉलेजांतही, त्याच्याच नावाने वापरतात. त्यात शंभर ग्रॅम लवंग घातली तर पंधरा-वीस मिलिलिटर तेल मिळतं. ओव्याचं दोन ते चार मिलिलिटर. सुमाकच्या फळांचं एक दशांश मिलिलिटरही नाही. मापनळीच्या काचेला चिकटलेला एक पातळसा थर, तो काढून घ्यायलासुद्धा थोडं द्रावक ओतावं लागतं. अत्तरवाल्याच्या दृष्टीने सुमाक म्हणजे निकामी झाड.

पण तेल थोडं म्हणजे वास थोडा, असं नाही.

तुर्की संशोधकांचा एक गट आणि जर्मनीतल्या होल्झमिंडेनच्या सुगंध-उद्योगातला दुसरा गट यांचे सुमाकवरचे निबंध १९९३ या एकाच वर्षी, दोन वेगळ्या नियतकालिकांत आले. तुर्की गटात के. हुस्नू जान बाशेर होते. बाष्पनशील तेलांच्या अभ्यासात हे नाव जगभर आदराने घेतलं जातं. त्यांनी पान, फांदीची साल आणि फळाची साल यांची तेलं वेगवेगळी काढून तपासली. पानात बीटा-कॅरिओफायलीन आणि पॅचोलेन उठून दिसले. फांदीत बीटा-कॅरिओफायलीन आणि सेंब्रीन. फळात मात्र लिमोनीन, नोनॅनल आणि झेड-२-डेसिनल. एकाच झाडाचे तीन भाग आणि तीन निराळे वास. जर्मन गटाला, म्हणजे ब्रुंके आणि त्यांच्या सहकाऱ्यांना, फळाच्या तेलात अल्फा-पायनीन, बीटा-कॅरिओफायलीन, सेंब्रीन, अल्फा-टर्पिनिऑल, कार्व्हाक्रॉल सापडले, आणि त्यांच्या जोडीला सरळ साखळीचे अल्डिहाइड.

ही नावं परकी वाटतात, पण यांतले बहुतेक पाहुणे आपल्या घरात रोज येणारे आहेत. बीटा-कॅरिओफायलीन मिरी आणि लवंगेत असतं, कोरडा, लाकडी, किंचित तिखट वास त्याचा. अल्फा-पायनीन म्हणजे चिरलेल्या पाइनच्या लाकडाचा, टर्पेंटाइनचा वास. लिमोनीन लिंबाच्या आणि संत्र्याच्या सालीत. कार्व्हाक्रॉल ओव्यातल्या थायमॉलचा जुळा रेणू, फक्त एका गटाची जागा बदललेली. अरबी झातर मसाल्यात सुमाक, तीळ आणि ज्या रानटी ओरिगॅनोचा पाला पडतो, त्या पाल्याची ओळखच कार्व्हाक्रॉल आणि थायमॉल. नोनॅनलला संत्र्याची साल आणि मेण यांच्या मधला वास असतो. आणि २-डेसिनल? त्याचं ई-रूप कोथिंबिरीच्या पानात भरपूर असतं. तेच ई-२-डेसिनल पिकांवरचा हिरवा ढेकूण डिवचला गेला की अंगातून सोडतो. झेड-रूपात फक्त एका जोडणीचा कोन वेगळा. सुमाकच्या वासात शेवटी जो हिरवा धागा लागतो, तो या घराण्यातला आहे, असं मला वाटतं.

आता खरी मेख इथे आहे. तेलात एखादा घटक किती टक्के आहे, यावरून तो किती वास देतो ते कळत नाही. माणसाचं नाक सगळ्या रेणूंना सारखं ऐकत नाही. पाण्यात मिसळलेलं बीटा-कॅरिओफायलीन ओळखायला एक अब्ज भागांत साधारण ६४ भाग लागतात. नोनॅनल एका भागालाही कळतं. २-डेसिनलला त्याहूनही कमी पुरतं. म्हणजे यंत्राच्या आलेखावर कॅरिओफायलीनचा डोंगर उंच दिसेल आणि अल्डिहाइडचा उंचवटा जेमतेम, पण नाकापर्यंत पोचेल तो उंचवटाच. म्हणून गंधाच्या गंभीर प्रयोगशाळांत गॅस क्रोमॅटोग्राफच्या टोकाला एक काचेची तोटी बसवलेली असते आणि तिथे माणूस बसतो. यंत्रातून एकेक रेणू सुटा होऊन बाहेर पडतो आणि माणूस कागदावर लिहितो: मेण, गवत, संत्रं, जुनं लाकूड. लाखो रुपयांच्या यंत्राला शेवटी माणसाच्या नाकाची साक्ष काढावी लागते, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

या अल्डिहाइडांचा उगम पाहिला की सुमाकच्या वासाची गोष्ट आणखी सरकते. फळात स्थिर तेलही असतं आणि त्या तेलात ओलेइक आम्ल असतं, शेंगदाण्याच्या तेलात असतं तेच. हवा आणि उजेड लागला की ओलेइक आम्लाची साखळी तुटू लागते. तुटलेल्या तुकड्यांत नोनॅनल असतं आणि २-डेसिनल असतं. म्हणजे ज्या रेणूंना आपण सुमाकचा स्वभाव समजतो, त्यांतले काही फळ झाडावर असताना पूर्ण जन्मलेले नसतात. फळ खुडल्यावर, वाळताना, दळताना, बाटलीत पडून राहताना ते तयार होत जातात. थोडे असतात तोवर ते सालीचा, गवताचा आल्हाद देतात. फार झाले की त्यालाच आपण खवट म्हणतो. जर्मन गटाला फळाच्या तेलात हेक्साहायड्रोफार्नेसिल अॅसिटोनही मिळालं. झाडाच्या हिरव्या रंगद्रव्याचं शेपूट मोडलं की हा रेणू निघतो. म्हणजे त्या वासात उन्हात मेलेल्या हरितद्रव्याचाही वाटा आहे.

उकळण्यानेही असंच होतं. क्लेव्हेंजरच्या चंबूत फळं काही तास रटरटतात. तेवढ्या वेळात आम्ल, उष्णता आणि पाणी मिळून काही रेणू मोडतात, काही घडवतात. मापनळीत जमा होतं ते फळाचं तेल खरंच, पण त्यात चंबूचाही हात असतो. हा घोळ टाळायला कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठातले यानूश पावलिशिन यांनी १९९० च्या सुमारास एक युक्ती पुढे आणली. बारीक तंतूवर गंध शोषणारा लेप द्यायचा, तो तंतू बंद बाटलीत फळांच्या वरच्या हवेत काही वेळ धरायचा आणि मग थेट यंत्रात घालायचा. काही उकळायचं नाही. फळ जेवढं स्वतःहून हवेत सोडतं तेवढंच मोजायचं. सिसिलीच्या फळांवरच्या अभ्यासात या दोन्ही बाजू पाहिल्या आहेत: फळ काय दरवळतं आणि उकळल्यावर त्यातून काय निघतं. दोन्ही याद्या एकच असणं शक्यच नव्हतं.

म्हणून ‘सुमाकच्या तेलाचा मुख्य घटक कोणता?’ हा प्रश्न मला अर्धवट वाटतो. एक निबंध सेंब्रीन म्हणतो, दुसरा कॅरिओफायलीन, तिसरा डेसिनल, आणि वाचणाऱ्याला वाटतं की कुणीतरी चुकलं असावं. तसं नाही. कुणी झुडपावरून खुडलेलं फळ घेतलं, कुणी बाजारातली पूड घेतली. कुणाकडे नुसती साल होती, कुणाकडे बीसकट दळलेला माल. विचारायचं ते हे: झुडूप कुठल्या मातीतलं, घोस कितपत पिकला होता, उन्हात वाळला की सावलीत, दळून किती महिने झाले. रानटी फळात तर हे फरक आणखी ठळक होतात, कारण तिथे कुणी एक जात निवडून, कलमं बांधून सारखेपणा आणलेला नसतो. सुमाकचा वास हा त्या फळाचा पूर्ण इतिहास आहे, आणि तो इतिहास वाचायचं साधन आपल्याजवळ, चेहऱ्याच्या मध्यावर, आहे.

सुमाकचं कूळ आपलंच आहे, हे इथे सांगितलं पाहिजे. आंबा, काजू, चारोळी, पिस्ता, बिब्बा हे सगळे त्याचे नातलग. राळ, टर्पीन आणि त्वचेला भाजणारा चीक ही या कुळाची घराणेशाही. हापूसच्या वासावर पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत अनेक वर्षं काम झालं आहे. तिथल्या संशोधकांना हापूसमध्ये ओसिमीन हे टर्पीन मोठ्या प्रमाणात मिळालं. पिकताना मात्र त्याच्या गोडव्याला लॅक्टोन आणि फ्युरॅनोन जोडीला येतात. कच्च्या कैरीचा जो राळेसारखा वास येतो आणि सुमाकच्या सालीमागे जो राळेचा पदर लागतो, ते एकाच कुळाचे आवाज आहेत.

बिब्बा उततो म्हणजे काय, हे आपल्याकडे आजीपासून नातवापर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. अमेरिकेत ज्याला पॉयझन सुमाक म्हणतात ते टॉक्सिकोडेंड्रॉन व्हर्निक्स हे झुडूप याच कारणाने घातक आहे. त्याच्या चिकातलं उरुशिऑल आणि बिब्ब्यातले भिलावॅनॉल हे रेणू रचनेने अगदी जवळचे. त्यामुळे ‘सुमाक विषारी असतो’ असं जे कधी कधी ऐकू येतं, ते या दुसऱ्या झुडपाबद्दल. त्याची फळं पांढरट आणि लोंबणारी, तर खाण्याच्या सुमाकची लाल, केसाळ आणि घट्ट उभ्या घोसातली. काजू-पिस्त्याची अॅलर्जी असणाऱ्यांनी मात्र सुमाकही जपूनच चाखावा. नातं जवळचं आहे.

भारतातही सुमाकचे सगे आहेत. मणिपुरात ज्याला हेइमांग म्हणतात आणि नेपाळी बोलणारे भकिम्लो, ते ऱ्हस चायनेन्सिसचं आंबट फळ. पूर्वेकडच्या डोंगरांत ते चघळतात, वाळवून ठेवतात, पोट बिघडलं की देतात. आपल्या पठारावरच्या कोरड्या, काटेरी रानात अमोणी असते. जुन्या वनस्पतिग्रंथांत ती ऱ्हस मायसोरेन्सिस म्हणून नोंदलेली आहे, आता तिला सिअर्सिया या वेगळ्या गणात ठेवतात. तीन पर्णिकांचं पान, काट्यासारख्या टोकदार फांद्या, बारीक फळं. पुण्याभोवतीच्या टेकड्या पायाखाली घालणाऱ्यांनी ती पाहिलेली असेल, नाव माहीत नसलं तरी.

आता पुन्हा त्या दुसऱ्या पुडीकडे, जी जास्त लाल होती आणि जिला वास जेमतेम होता.

चांगला सुमाक करायची रीत अशी: घोस पूर्ण लाल झाल्यावर खुडायचे, वाळवायचे, झोडून फळं सुटी करायची, मग हलक्या हाताने दळायचं म्हणजे साल आणि लव भुगा होते आणि कठीण बी शाबूत राहते. चाळणीने बी बाजूला काढायची. यात माल घटतो. घट नको असेल तर बीसकट दळतात. पूड वाढते, पण तपकिरी आणि बेचव होते. पुडीत मीठ घालायची प्रथाही बरीच रुळलेली आहे. मिठाने पूड मोकळी राहते, टिकते आणि वजनही भरते. मग मीठ आणि बी यांनी फिका पडलेला रंग परत कसा आणायचा? झूरिच कॅन्टनच्या अन्नतपासणी प्रयोगशाळेतल्या रसायनशास्त्रज्ञांना सुमाकच्या पुडीत बेसिक रेड ४६ सापडलं. त्यांचा निबंध २०१२ साली आला. बेसिक रेड ४६ हा कापड रंगवायचा रंग, अॅक्रिलिक धाग्यांसाठी वापरला जाणारा. अन्नात त्याला कुठेही परवानगी नाही. पूर्वी पाल्याच्या पुडीत लेंटिस्क मिसळत, आता फळाच्या पुडीत कापडाचा रंग. ग्राहक डोळ्यांनी माल पारखतो, हे भेसळ करणाऱ्याला तेव्हाही माहीत होतं आणि आताही आहे. मला याचा संताप येतो. एवढ्या नाजूक गंधाचं फळ, आणि त्याची किंमत ठरते ती केवळ लालीवर.

रंग खोटा आणता येतो. आंबटपणासुद्धा सायट्रिक आम्लाची चिमूट टाकून आणता येतो. पण नोनॅनल, डेसिनल, लिमोनीन, कॅरिओफायलीन यांचं ते विशिष्ट मिश्रण स्वस्तात कुणी आणून घालत नाही. म्हणून सुमाक घ्यायचा तर शक्यतो अख्खी फळं घ्यावीत आणि लागेल तेवढी घरी कुटून चाळावीत. तयार पूड घ्यायची असेल तर चिमूटभर तळहातावर चोळून हुंगावी. वाळक्या संत्र्याच्या सालीचा, लाकडाचा, किंचित हिरवा वास आला तर ठीक. जुन्या तेलाचा आला तर फळ खवटलं आहे. काहीच आला नाही आणि रंग मात्र भडक असेल, तर जिभेवर ठेवायची गरज नाही. पूड घट्ट झाकणाच्या बाटलीत, उजेडापासून दूर ठेवावी. वाळतानाचं ओलेइक आम्लाचं तुटणं डब्यातही चालूच असतं आणि उजेड त्याला घाई करतो.

वापरताना एक ध्यानात ठेवावं. हे सगळे रेणू उडणारे आहेत. रटरटत्या कालवणात आधीच सुमाक घातला तर आम्ल राहील, रंग राहील, तुरटपणा वाढेल आणि वास वाफेबरोबर छताला जाईल. पश्चिम आशियातल्या स्वयंपाकात म्हणूनच दोन वेगळे मार्ग आहेत. आंबट हवं असेल तिथे भिजवून गाळलेलं पाणी किंवा आटवलेला अर्क. वास हवा असेल तिथे कोरडी पूड, ताट वाढून झाल्यावर. कबाबसोबतचा कांदा ते पातळ उभा चिरतात, त्यावर मीठ आणि सुमाक घालून हाताने चुरतात. कांद्याच्या पाण्याने पूड फुलते, आणि त्याच क्षणी वास सगळ्यात जास्त येतो. तो कांदा लगेच खायचा. तासाभराने तो नुसता आंबट कांदा असतो.